‘बघू’ म्हटलेले अकरा जण: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या लसीकरणाच्या प्रकल्प नोंदी

२४ मार्च २०२१, बुधवार

काल रात्री आम्ही सहा डॉक्टर फोनवर एकत्र बोललो. चौघे सत्तरी तालुक्यातले, दोघे शेजारच्या डिचोलीतले. सगळे फॅमिली डॉक्टर, सगळ्यांचे एका-दोन खोल्यांचे दवाखाने. कोविडच्या साथीच्या लसीकरणात आपल्यासारख्यांनी नेमकं काय करायचं याची छोटी मार्गदर्शिका मराठीत लिहायची असं ठरलं. आठ पानांपेक्षा जास्त नाही. कंपाउंडरलाही वाचून समजली पाहिजे. नोंदवही माझ्याकडे आली.

मुळात लस आमच्या हातात नाही. १६ जानेवारीला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली, १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि ४५ ते ५९ वयाचे आजारी लोक घेतले. ती मिळते सरकारी केंद्रावर फुकट किंवा मान्यता असलेल्या खासगी इस्पितळात २५० रुपयांत. आमच्या दवाखान्यात एकही कुपी येत नाही. ४५ ते ५९ वाल्यांना २० आजारांच्या यादीतला एखादा आजार आहे असं प्रमाणपत्र द्यायचं, एवढंच कागदावरचं आमचं काम. डिचोलीचे एक डॉक्टर म्हणालेच, "मग मार्गदर्शिका कशाची लिहायची?"

कशाची ते मला ठाऊक आहे. माणूस बीपीची गोळी न्यायला येतो. पैसे देतो, दारापर्यंत जातो, परत वळतो आणि विचारतो, "बाये, लस घेवंची काय ना?" त्याने वीस दिवस हा प्रश्न मनात धरलेला असतो. मी त्यावर जे बोलते त्यावरून तो केंद्रावर जाणार की नाही हे ठरतं. पुढची सगळी व्यवस्था, बर्फाच्या पेट्या, नोंदणी, सिस्टरची सुई, ही त्या एका उत्तरानंतर सुरू होते.

परवाच कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर चार ते सहा आठवड्यांवरून चार ते आठ आठवडे झालं. अजून एक ओळ लिहिलेली नाही आणि पहिला बदल येऊन बसला. ठरवलं की प्रत्येक पानावर तारीख घालायची आणि पानं शिवायची नाहीत. एक पान बदललं की तेवढंच बदलता यावं.

२७ मार्च, शनिवार

आज दुपारी दवाखाना बंद झाल्यावर १ तारखेपासूनची वही चाळली. लशीबद्दल मला कोणी विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, हे एकेका नावासमोर आठवून लिहिलं. बहुतेकांना मी "घ्या" म्हटलं होतं. अकरा जणांना "बघू" म्हटलं होतं. "थोडे दिवस जाऊ देत", "आणखी लोकांचं कसं होतं ते बघू", "तुमची साखर खाली आली की बघू". "नको" असं एकालाही म्हटलं नव्हतं. पण घरी जाऊन त्यांनी ते "नको" असंच सांगितलं असणार.

अकराही जण एकेक करून तपासले, आणि मार्गदर्शिकेचं दुसरं पान त्यातूनच तयार झालं.

चौघांची साखर जास्त होती. साखर जास्त आहे म्हणून लस पुढे ढकलायची नसते. ज्याची साखर जास्त त्यालाच हा आजार जड जातो, म्हणून त्याचा नंबर आधी लागायला हवा. दोघांना सल्फाच्या गोळीने अंगावर पित्त उठलं होतं. त्यानेही लस अडत नाही. आधीच्या डोसाने किंवा लशीतल्याच एखाद्या घटकाने तीव्र ॲलर्जी आली असेल, श्वास कोंडला असेल, तर मात्र द्यायची नाही. दोघांची अँजिओप्लास्टी झालेली, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू. त्या गोळ्या बंद न करता लस घ्यायची. एका बाईंना फेब्रुवारीत कोविड झालेला, त्यांनी बरं झाल्यावर चार ते आठ आठवडे थांबायचं. अकरांतलं हे एकच खरं थांबणं, पण मी त्यांना तारीखच दिली नव्हती. एकीची केमो चालू आहे. तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करून दोन चक्रांमधला दिवस ठरवायचा, आणि तो फोन मी करायचा. तिच्या कपाळी ते काम मारायचं नाही.

अकरावे काका. हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ करणारी गोळी बारा वर्षं चालू. जानेवारीत लशींच्या माहितीपत्रकांत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल सावधगिरीची सूचना होती आणि ती माझ्या डोक्यात बसली होती. ९ तारखेला ते आले तेव्हा मी म्हटलं, "काका, तुमचं जरा वेगळं आहे, बघू." ते हो म्हणाले. माझं सगळं ऐकणारा माणूस. खरं तर त्यांना हे सांगायला हवं होतं: आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ती तपासणी, करून घ्या, तो नेहमीच्या मर्यादेत असला की जा. केंद्रावर सिस्टरला गोळीचं नाव सांगा. सुई बारीक असते, २३ नंबरची. टोचल्यावर कापसाने किमान दोन मिनिटं घट्ट दाबून धरा, चोळू नका. दंड थोडा काळानिळा झाला तर घाबरू नका.

पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘बघू’ हे उत्तर द्यायचं नाही. तीनच उत्तरं द्यायची: घ्या. अमुक तारखेला घ्या. घेऊ नका, आणि त्याचं कारण हे.

१ एप्रिल, गुरुवार

आजपासून ४५ च्या पुढचे सगळे. प्रमाणपत्राची भानगड संपली.

अकरा जणांना फोन लावले. दहा लागले. केमोवालीच्या डॉक्टरांशीही बोलणं झालं, १९ तारीख ठरली. काकांचा फोन तीनदा लावला, रेंज नाही. त्यांचं घर डोंगराच्या कुशीत आहे, तिथे पावसाळ्यात तर लँडलाइनही जाते. वहीत त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह घातलं.

६ एप्रिल, मंगळवार

आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आज दवाखान्यात आल्या होत्या. म्हणाल्या, सकाळी नऊला सत्र सुरू करतो, अकरापर्यंत चार माणसं. लोक घाबरतात का हो?

काही घाबरतात, पण इतके नाही. एप्रिल आहे. काजूचा हंगाम आहे. पहाट झाली की घरातली सगळी माणसं डोंगरावर जातात. बोंडू गोळा करायचे, बिया वेगळ्या करायच्या, भट्टीवर पोचवायचे. दुपारी बारा-एकशिवाय कोणी घरी नसतं. त्यात पणजीहून आलेल्या एका कार्यकर्त्याने सांगून ठेवलं की लशीनंतर दोन दिवस ताप येतो. इथे तापाला जोर म्हणतात. "जोर येतलो मू?" या प्रश्नामागे "दोन दिवसांची मजुरी कोण देणार?" हा प्रश्न असतो. तो ऐकू आला तर उत्तर देता येतं: येईल कदाचित, एखादा दिवस. पॅरासिटामॉलची गोळी घ्या. शनिवारी दुपारी घ्या, रविवार आरामात जाईल. लशीच्या आधीच गोळी घेऊन ठेवू नका, ताप आला तरच घ्या.

सत्र दुपारी दोनला लावून बघा असं सिस्टरना सुचवलं. त्यांनी वर विचारते म्हणून सांगितलं.

कुपीचं गणितही आज त्यांच्याकडून नीट समजून घेतलं, कारण त्यात आमच्यासारख्यांची खरी मदत होऊ शकते. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस, प्रत्येकी अर्धा मिली. उघडली की लेबलवर पेनने वेळ लिहायची आणि चार तासांच्या आत संपवायची. उरलेली टाकायची. आठवड्याच्या साध्या लसीकरणात काही उघडलेल्या कुप्या पुढच्या सत्राला वापरता येतात, ती मुभा इथे नाही. म्हणजे साडेतीन वाजता दोनच माणसं रांगेत असली तर सिस्टरला आठ डोस फेकण्याची भीती किंवा दोघांना परत पाठवण्याचं दुःख, यातलं एक निवडावं लागतं. माझ्या मोबाइलमध्ये या परिसरातल्या सातशेहून जास्त घरांचे नंबर आहेत. पंधरा मिनिटांत येऊ शकतील अशा माणसांची यादी मी करून ठेवली तर सिस्टरने फक्त मला फोन करायचा. चौथ्या पानाचा विषय मिळाला: हाकेची यादी. घर जवळ, वाहन आहे, ओळखपत्र तयार आहे, मी आधीच बोलून ठेवलं आहे. या चारही गोष्टी असतील तरच नाव यादीत.

१२ एप्रिल, सोमवार

टीका उत्सवाचा, म्हणजे देशभरच्या लसीकरण मोहिमेचा, दुसरा दिवस. पंचायतीच्या सभागृहात सत्र होतं, मी निरीक्षण खोलीत बसायची जबाबदारी मागून घेतली. तीन भाग केले होते: बसायची जागा, टोचायची जागा, अर्धा तास थांबायची जागा. ओळखपत्र बघायला एक, कोविनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी संकेतस्थळावर, नोंदवायला एक, टोचायला सिस्टर, थांबलेल्यांकडे बघायला दोघे. एका मोबाइल नंबरवर चौघांचीच नोंदणी होते, त्यामुळे शेजाऱ्यांचे नंबर वापरून झालेल्या म्हाताऱ्यांची पंचाईत झाली. आमच्या कंपाउंडरने आपला नंबर दिला.

अकराच्या सुमारास पन्नाशीच्या एक बाई टोचून आल्या, खुर्चीवर बसल्या आणि सावकाश कलंडल्या. खोलीत एकदम ओरड झाली. कोणीतरी "इंजेक्शन बाधलं" म्हणालं आणि बाहेरची रांग विस्कटायला लागली. मी त्यांना जमिनीवर आडवं केलं, पाय खुर्चीवर ठेवले, मनगट धरलं. नाडी मंद, साठच्याही खाली. अंग गार, घाम, चेहरा पांढरा. अंगावर पुरळ नाही, ओठ सुजलेले नाहीत, छातीत घरघर नाही. दीड मिनिटात डोळे उघडले. आज सोमवती अमावास्या. बाई पहाटेपासून उपाशी होत्या, उन्हातून दोन किलोमीटर चालत आल्या होत्या.

ही भोवळ होती. पण हे दीड मिनिट मार्गदर्शिकेतलं सगळ्यात मोठं पान व्हायला हवं, कारण आम्हा सहाजणांपैकी चौघांनी गेल्या आठवड्यात कबूल केलं की अशा वेळी त्यांचा हात आधी एव्हिल या ॲलर्जीच्या आणि एफकॉरलिन या स्टिरॉइडच्या इंजेक्शनकडे जातो. ती सवय मोडायची आहे. भोवळीत नाडी मंद होते, माणूस आडवा केला की सुधारतो, औषध लागत नाही. खऱ्या तीव्र ॲलर्जीत नाडी जोरात धावते, अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजतात, आवाज बसतो, श्वास घरघरतो, बीपी पडतो, आणि आडवं केल्याने सुधारत नाही. तिथे पहिलं औषध ॲड्रेनलिन. १:१००० ताकदीचं, मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. लुगडं-पँट असली तरी त्यावरून. पाच मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. सलाईन, ऑक्सिजन, १०८. एव्हिल आणि स्टिरॉइड त्यानंतर, सवड मिळाल्यावर. दवाखान्यातल्या ॲड्रेनलिनच्या अँप्युलवरची मुदत आज रात्रीच तपासा, असं मी गटावर लिहिलं. दोघांची संपलेली निघाली. एक माझी होती.

आणि एक वाक्य पहिल्या पानावर घातलं: उपाशीपोटी येऊ नका. उपास असेल तर फळ खाऊन या, देव रागावत नाही. हे वाक्य गटातल्या सगळ्यांत वयस्क डॉक्टरांनी सुचवलं आणि तेच लोकांना सगळ्यांत जास्त पटेल असं मला वाटतं.

२६ एप्रिल, सोमवार

साथ भयंकर वाढली आहे. दवाखान्यात दिवसाला साठ-सत्तर तापाचे रुग्ण. नोंदी लिहायला वेळ नाही.

फक्त हे: पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस मुलींनी लस घेऊ नये, असा निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो आहे. तो खोटा आहे, सरकारनेही तसं जाहीर केलं आहे. पाळीचा आणि लस घेण्याच्या दिवसाचा संबंध नाही. आज सात जणींनी विचारलं, सातही जणी कुजबुजून. पुरुष डॉक्टरांना हा प्रश्न कोणी विचारणारच नाही, म्हणून त्यांनी न विचारता सांगायचं, असं लिहिलं. पुरुषांचा प्रश्न दुसरा: हुराक, म्हणजे काजूची दारू, घेतला तर चालेल का? दारूमुळे लशीचा परिणाम कमी होतो असा पुरावा नाही, पण त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नको, कारण ताप आला तर तो कशाने आला हे मला ओळखता येणार नाही. एवढं पुरतं.

८ मे, शनिवार

झडपवाले काका परवा गेले. मुलगा आज दवाखान्यात सांगायला आला. एप्रिलच्या शेवटी ताप आला, घरीच काढा घेत राहिले, मग एकदम दम लागला.

मुलगा मला काही म्हणाला नाही. उलट म्हणाला, "बाबा म्हणायचे, बाईंनी बघू म्हटलंय, त्या सांगतील तेव्हा जाऊ."

वहीतलं १ एप्रिलचं पान काढलं. प्रश्नचिन्ह तसंच आहे. रेंज नव्हती तर मी कंपाउंडरला स्कूटरवर पाठवू शकले असते, पंचायतीच्या पंच मेंबरकडे निरोप देऊ शकले असते, त्या बाजूला जाणाऱ्या कदंबा बसच्या कंडक्टरकडे चिठ्ठी देऊ शकले असते. डोस घेतला असता तर ते वाचले असते असं मी म्हणू शकत नाही. एका डोसाने पाच आठवड्यांत किती संरक्षण मिळालं असतं ते नेमकं मोजता येत नाही. पण त्यांना जे मिळू शकत होतं ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, आणि वाटेत मी उभी होते.

दुसऱ्या पानावर आज एक परिच्छेद वाढवला. ज्यांना थांबायला सांगितलं त्यांची नावं वेगळ्या वहीत लिहायची. प्रत्येकासमोर कारण आणि तारीख. दर सोमवारी ती वही उघडायची. फोन लागला नाही तर माणूस पाठवायचा. नाव खोडायचं ते लस घेतल्यावरच. "थांबा" हाही उपचाराचाच सल्ला आहे, त्याची जबाबदारी गोळी लिहून देण्याइतकीच आहे.

उद्यापासून राज्यभर संचारबंदी.

१४ मे, शुक्रवार

कोविशील्डचं अंतर आता बारा ते सोळा आठवडे. तिसरं पान तिसऱ्यांदा छापायचं. सुटी पानं ठेवली ते बरं झालं.

लोक चिडले आहेत. "मार्चात एक सांगता, एप्रिलात दुसरं, आता तिसरं." मी त्यांना खरं ते सांगते: अंतर वाढवलं तर संरक्षण चांगलं येतं असं परदेशातल्या अभ्यासात दिसलं, आणि माहिती वाढली की सल्ला बदलतो. साठा कमी आहे म्हणून वाढवलं का, असंही विचारतात. मी म्हणते, साठा कमी आहे हेही खरं आहे. दोन्ही खरं असू शकतं. हे लपवलं तर पुढच्या वेळी माझ्यावर कोण विश्वास ठेवील?

कोवॅक्सिनचं अंतर बदललेलं नाही, चार ते सहा आठवडेच. दोन्ही लशींची सरमिसळ नको. कार्डावर पहिल्या लशीचं नाव बघितल्याशिवाय तारीख सांगायची नाही.

१८ मे, मंगळवार

तौक्ते वादळ रविवारी किनाऱ्याजवळून गेलं. झाडं पडली, तारा तुटल्या. आमच्याकडे शनिवारी रात्री वीज गेली ती आज दुपारी आली.

माझ्या दवाखान्यातल्या घरगुती फ्रिजमध्ये धनुर्वाताची, रेबीजची आणि टायफॉइडची इंजेक्शनं होती. आज उघडला तेव्हा थर्मामीटर १९ अंशांवर. सगळी टाकून दिली. रेबीजची टाकताना हात उचलत नव्हता, पण खात्री नसलेली लस देणं म्हणजे कुत्रा चावलेल्या माणसाला खोटा धीर देणं.

यातून पाचवं पान बदललं. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, आणि तेवढंच महत्त्वाचं, गोठता कामा नये. गोठलेली लस पुन्हा वितळली की बाहेरून चांगली दिसते, पण ती टाकायचीच. आरोग्य केंद्रात जो आइसलाइन्ड रेफ्रिजरेटर असतो त्याच्या भिंतींत बर्फ धरलेला असतो, वीज गेली तरी झाकण न उघडता तो बरेच तास थंड राहतो. घरगुती फ्रिजला ते जमत नाही, आणि त्याचं दार तर आपण पाण्याच्या बाटलीसाठीही उघडतो. उद्या साथीची लस फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात द्यायचं ठरलं तर पहिली अट ही: लशीचा फ्रिज वेगळा, त्यात दुसरं काही नाही, दिवसातून दोनदा तापमान लिहायचं, रविवारीसुद्धा. आणि वीज गेली तर कुपी कुठे न्यायची ते आधी ठरलेलं हवं. जनित्र कोणाकडे आहे, रस्ता बंद पडला तर दुसरा कुठला, हे पावसाळ्याआधी विचारून ठेवायचं.

२० मे, गुरुवार

रक्ताच्या गाठींची भीती वर्तमानपत्रांतून इथवर पोचली आहे. लशीनंतरच्या दुष्परिणामांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय समितीने सोमवारी अहवाल दिला: तपासलेल्या ४९८ गंभीर प्रकरणांपैकी २६ गाठींची असू शकतात, कोविशील्डच्या दहा लाख डोसांमागे ०.६१. हा आकडा लोकांना सांगायचा, पण त्यावर थांबायचं नाही. लस घेतल्यावर वीस दिवसांच्या आत श्वास कोंडला, छातीत किंवा पोटात दुखलं, पाय सुजला, न थांबणारी डोकेदुखी झाली, दिसायला अंधुक झालं, टोचलेल्या जागेपासून दूर कातडीवर लाल बारीक ठिपके आले, तर कोणाला विचारत न बसता माझ्याकडे यायचं. हे छोट्या चिठ्ठीवर लिहून प्रत्येकाच्या हातात. आणि माझ्याकडे आलेल्या अशा माणसाची खबर जिल्ह्याच्या लसीकरण अधिकाऱ्याला २४ तासांत. लशीमुळेच झालं याची खात्री होईपर्यंत थांबायचं नाही, ते ठरवणं समितीचं काम.

अंगावर दूध पाजणाऱ्या आयांनाही आता लस घेता येते, आणि कोविड झाला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं. २७ मार्चचं पान याने चुकीचं ठरलं. बदललं.

३ जुलै, शनिवार

कालपासून गरोदर बायकांना परवानगी. आज सहा महिन्यांची गरोदर मुलगी सासूबरोबर आली. सासू म्हणाली, "बाये, पोटातल्या पोराला काय झालं तर?" मी दोघींना बसवलं. म्हटलं, गरोदरपणात कोविड झाला तर तो इतरांपेक्षा जास्त गंभीर होतो, मूल दिवसांआधी जन्मायची भीती वाढते. लशीत जिवंत, वाढणारा विषाणू नाही. कुठल्याही महिन्यात घेता येते. लस घेतल्यावर ताप आला तर लगेच पॅरासिटामॉल, ताप अंगावर काढायचा नाही.

मुलगी गप्प होती. सासूच बोलत होती. मी मुलीला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "माझ्या मैत्रिणीची वहिनी आठव्या महिन्यात गेली. मला घ्यायची आहे." सासूने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग मी येते तुझ्याबरोबर." सहाव्या पानावर लिहिलं: गरोदर बाईला तिचं मत थेट विचारा, सोबतच्या माणसासमोर आणि एकदा एकटीलाही.

२१ ऑगस्ट, शनिवार

मार्गदर्शिकेच्या दोनशे प्रती झाल्या. सत्तरी, डिचोली, आणि पेडण्याच्या काही डॉक्टरांनी मागितल्या म्हणून तिकडे. आठाची दहा पानं झाली.

अंथरुणाला खिळलेल्यांची माझी यादी मार्चपासून ड्रॉवरमध्ये आहे. चौदा नावं होती, तिघे गेले. अकरा राहिली. हाही आकडा अकराच यावा, याचं मन उगाच काही तरी लावून घेतं.

१८ सप्टेंबर, शनिवार

गोव्यात पात्र लोकांना पहिला डोस शंभर टक्के झाल्याबद्दल आज पंतप्रधान इथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांशी बोलले. आमच्या सिस्टर चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत सत्र घेत होत्या. हे कौतुक त्यांचं आहे आणि मला मनापासून आनंद झाला.

तरी ड्रॉवर उघडला. शंभर टक्के हा हिशोब अंदाजे लोकसंख्येवर असतो. यादीतली अकरा माणसं खरी आहेत आणि त्यांच्यापैकी नऊ जणांना एकही डोस मिळालेला नाही. दहाव्या पानावर भर: टक्का पूर्ण झाला की फॅमिली डॉक्टरांनी आपली यादी काढायची. तोपर्यंत गर्दीत न दिसलेली माणसं तिथेच असतात.

२५ सप्टेंबर, शनिवार

गुरुवारी केंद्राने सांगितलं की ज्यांना हलता येत नाही त्यांना घरी जाऊन लस द्यायची. कालच यादी घेऊन आरोग्य केंद्रात गेले. पत्ता, वाट, कोणत्या गोळ्या चालू, घरात आणखी कोण लस न घेतलेलं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी यादी बघून ३० तारीख दिली.

अडचण हिशोबाची होती. नऊ घरं, प्रत्येक घरी अर्धा तास थांबायचं म्हणजे साडेचार तास, शिवाय वाट. कुपी चार तासांत संपवायची. एका पथकाने हे होत नाही. म्हणून दोन गाड्या. सिस्टर लस टोचून पुढच्या घरी जाणार, मागे आमच्यातले एक डॉक्टर ॲड्रेनलिनची पेटी घेऊन अर्धा तास बसणार, मग तो पुढच्याच्या पुढच्या घरी. दोन डॉक्टर आळीपाळीने. पहिलं घर सगळ्यांत लांबचं घ्यायचं आणि कुपी तिथे पोचल्यावरच उघडायची. नवांपैकी एकाच्या घरी लस न घेतलेला भाऊ आहे, तो दहावा.

३० सप्टेंबर, गुरुवार

पाऊस सकाळी होता, मग उघडला. कुपी ९ वाजून ४० मिनिटांनी उघडली.

काकांच्या घरी बसायची पाळी माझी आली. मी ती मागितली नव्हती, वाट तशी आली. काकी तीन वर्षं अंथरुणाला आहेत, डावी बाजू गेलेली. मुलगा शेतात होता, सून घरी. सिस्टरने डावा दंड सोडला आणि उजवा निवडला, कारण उजव्या हाताला दुखलं तर त्या सांगू शकतील. टोचलं, वेळ लिहिली, पुढच्या घराला गेल्या.

मी स्टुलावर बसले. घड्याळ लावलं. नाडी ८४. सुनेने चहा आणला. भिंतीवर काकांचा फोटो, झेंडूचा हार सुकलेला. काकी बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. बोलणं जड जातं त्यांना.

मी म्हटलं, "काकी, मार्चात मी काकांना बघू म्हटलं होतं. तेव्हाच जा म्हणायला हवं होतं."

त्यांनी उजवा हात हलवला. मला वाटलं दुखतंय. त्यांनी चहाच्या कपाकडे बोट केलं. थंड होत होता.

पंधराव्या मिनिटाला नाडी ८०, बीपी नेहमीएवढा. तिसाव्या मिनिटाला तेच. कार्डावर दुसऱ्या डोसची तारीख लिहिली, २३ डिसेंबर, आणि सुनेला वाचून दाखवली. सोमवारच्या वहीत काकींचं नाव टाकलं.

शेवटचं घर १ वाजून १० मिनिटांनी. दहाही डोस लागले.